मादामला काही कळत नाही

"मादाम, तुमच्या पाठीवर झुरळ आहे."

शरयू हे माझ्या कानाशी येऊन म्हणाली. मराठीत, अगदी हळू. मी गुडघ्यांवर बसून एका मुलाच्या बुटाची नाडी बांधत होते. मला झुरळाची भयंकर भीती वाटते, आजही वाटते. मानेवरचे केस ताठ उभे राहिले.

मी नाडी बांधत राहिले. गाठ मारली, ओढून पाहिली. मग तिच्याकडे वळले आणि शाळेतलं ठरलेलं हसू आणून म्हणाले, "झ न कोंप्राँ पा, शेरी." मला समजत नाही गं, राणी.

डॉक्टर घशात बघतात तसं साडेचार वर्षांच्या त्या पोरीने माझ्या चेहऱ्यात पाहिलं. मग खांदे उडवले आणि ठोकळ्यांकडे निघून गेली.

झुरळ नव्हतं. ते मला बाथरूममध्ये जाऊन कुर्ता झटकल्यावर कळलं.

•

सुरुवात चुकली. आधी शाळेचं सांगायला हवं होतं.

बाणेरच्या एका फ्रेंच बालवाडीत मी मादाम आन होते. अनुजा किणीकर, मुक्काम मूळचा कोल्हापूर, ही बाई फाटकाबाहेर राहायची. नियम एकच होता. मूल आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत मादामला मराठी येत नाही, हिंदी येत नाही, इंग्रजी येत नाही. पडलं, लागलं, शू आली, आई हवी, काहीही असो, मादामला फ्रेंचच कळतं. आपल्या भाषेत काम होतंय हे मुलाला एकदा कळलं की ते दुसरी भाषा कशाला शिकेल? शाळेच्या संचालिका देवयानी मॅडम असं म्हणायच्या आणि त्यात खोटं काही नव्हतं. दिवाळीपर्यंत मुलं पाणी मागणं, भांडणं, चुगल्या, सगळं फ्रेंचमध्ये करू लागायची.

आई-वडिलांना मॅडम खरं काय ते सांगायच्या. आजी-आजोबांना सांगायचं नाही असा दंडक होता. "त्यांच्या तोंडून नातवंडांपुढे निसटतं." त्यामुळे फाटकात उभ्या असलेल्या तमाम आज्यांच्या मते मी पाँडिचेरीची होते.

"ही मादाम जरा सावळीच आहे, नाही? आणि ओढणीला इस्त्री नको का करायला?"

हे मला कळलं नाही.

"आमच्या मम्मीने आजीचं लोणचं गुपचूप फेकून दिलं."

हेही मला कळलं नाही.

असं दिवसभर. घरी गेल्यावर आई फोनवर काही बोलली तरी क्षणभर चेहरा कोराच राहायचा.

•

झुरळानंतर दोन दिवसांनी शरयू म्हणाली, "मादाम, तुमच्या नाकात शेंगदाणा आहे."

माझा हात निघाला. अर्ध्या वाटेवर मी तो केसांकडे वळवला. तिने ते पाहिलं. पाहिलं म्हणजे हाताच्या मागोमाग तिची नजर केसांपर्यंत गेली आणि तिथून परत माझ्या डोळ्यांत आली.

पुढच्या दिवशी: "आमच्याकडे आज पुरणपोळी आहे. तुम्हाला आणू?"

मग: "एक माकड होतं. त्याने चड्डीच उलटी घातली. मग त्याला शेपूट कुठून काढू तेच कळेना." सांगताना ती स्वतः मुळीच हसत नव्हती. मी खाली पडलेले रंगीत खडू गोळा करायला वाकले आणि बराच वेळ गोळा करत राहिले.

मला वाटलं, हिला कोणीतरी पाठवलंय.

तसं वाटायला कारण होतं. त्याच आठवड्यात देवयानी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं होतं.

"अनुजा, तुझ्या वर्गात मराठी फार ऐकू येतं."

"मुलं आपसात बोलतात, मॅडम."

"उत्तर मिळाल्याशिवाय मूल इतके दिवस बोलत राहत नाही. कुणीतरी मान हलवतंय. कुणीतरी डोळ्यांनी हसतंय."

"मी नाही हसत."

"मी तुझं नाव घेतलं का?"

माझी नोकरी कच्ची होती. नाताळात ठरणार होतं, ठेवायचं की नाही. मी वर्गात परत आले तेव्हा शरयू दारातच उभी होती, आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.

•

गंमत म्हणजे शाळेची सगळ्यात हुशार मुलगी तीच होती. नवे पालक आले की मॅडम तिला पुढे उभं करायच्या. ती घडाघडा बोलायची. पण तिचे शब्द मला विचित्र वाटायचे. फळांची नावं तिला नको होती. सिंह, हत्ती, फुलपाखरू, काही नको. रंगांतले तिने दोनच उचलले, रूज म्हणजे लाल आणि व्हेर म्हणजे हिरवा. मग गोश आणि द्र्वात, डावा-उजवा. मोठी मुलंही त्यात गोंधळतात, ही कधी गोंधळली नाही. एकदा चित्रांच्या पुस्तकात रस्त्यावर झोपलेल्या कुत्र्यावर बोट ठेवून ती माझी वाट बघत बसली. "शियँ," मी म्हणाले. तिने मान डोलावली, काम झाल्यासारखं पुस्तक मिटलं.

एकदा वाळूत खड्डा खणला आणि मला हाताला धरून तिथे नेलं. हे काय?

"त्रू."

"त्रू," ती म्हणाली. त्या दिवशी डबा खाताना, हात धुताना, चपला घालताना ती तेच पुटपुटत होती. त्रू. त्रू. त्रू.

तिची आई प्रणोती कंपनीतून कधी लवकर सुटली तर शाळेत यायची आणि नातं असल्यासारखी माझे हात धरायची. पोरं वर्गात आहेत याची खात्री करून मराठीत बोलायची. "काय जादू केलीत हो! गाडीतसुद्धा चालू असतं. पुढच्या सीटवर बसून आजोबांचा तास घेत असते. आणि आमच्या सासऱ्यांनाही एवढी हौस, तेच म्हणतात तिला, फ्रेंचमधून बोल."

"ते रोज सोडतात ना?"

"रोज. त्यांच्यावरच तर चाललंय आमचं."

•

ते आजोबा मला आवडायचे नाहीत.

भंडलकर त्यांचं नाव. जन्म कऱ्हाडच्या एसटी डेपोत गेलेला, ड्रायव्हर म्हणून. उंच, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. सगळ्यांच्या आधी येऊन गाडी रस्त्यापलीकडच्या त्याच एका भिंतीला लावायचे. गाडीचा डावा आरसा चिकटपट्टीने बांधलेला. माणसाच्या तोंडाकडे ते बघत नसत. मी "बोंजूर" म्हटलं की माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघून हात जोडायचे. कधी मान वाकडी करून कडेने बघायचे, कावळा बघतो तसं. खरं बोलणारा माणूस असा बघत नाही, असं मला वाटायचं.

शरयू धावत जाऊन त्यांचं बोट धरायची. "चला कंडक्टर," ते म्हणायचे.

आणि एका दुपारी, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, मी फाटकाची कडी काढत असताना:

"कुणापाशी बोललीस काय?"

"नाही आजोबा."

"आईपाशी?"

"नाही."

"शाण्णी माझी. आपल्या दोघांतच ऱ्हाऊ दे."

मादामला काय कळणार? म्हणून त्यांनी आवाजही खाली केला नव्हता.

मी कडी काढली. "ओ रव्हार, शरयू." तिने वळून माझ्याकडे पाहिलं. या वेळी परीक्षा घेणारी नजर नव्हती ती. दमलेली होती.

त्या संध्याकाळी माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. वाचणाऱ्याच्याही मनात तेच आलं असणार.

•

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मुलं सतरंज्यांवर झोपली. शरयू झोपली नाही. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि बराच वेळ माझ्या बांगडीशी खेळली. मग म्हणाली:

"तुम्ही खूप घाणेरड्या आहात. मला तुम्ही मुळीच आवडत नाही. कुणालाच आवडत नाही."

आणि पाहिलं.

मी हसले. "उई, शेरी, उई." हो राणी, हो. तिच्या केसांवरून हात फिरवला.

तिचं सगळं अंग सैल पडलं. तेव्हा मला कळलं की मी शेवटच्या परीक्षेत पास झाले होते, आणि हेही की मला पकडायला ती परीक्षा घेत नव्हती. तिला पास होणारं कुणीतरी हवं होतं. तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

"माझं नि आजोबांचं एक गुपित आहे," ती मराठीत म्हणाली. "कुणाला सांगायचं नाहीये. तुम्हाला कळत नाही म्हणून सांगते."

माझा हात तिच्या केसांत थांबला. मी तो पुन्हा चालू केला.

"आजोबांना मधलं दिसत नाही. बाजूचं दिसतं. मध्ये धूर असतो. डॉक्टरकाका म्हणाले, आता असंच राहणार. मग मी सांगते. रूज म्हटलं की ते थांबतात. व्हेर म्हटलं की जातात. आई मागे बसली ना, तरी चालतं. आईला वाटतं अभ्यास."

तिने जांभई दिली.

"गाडीत डोळे मिटायचे नाहीत. आजोबा म्हणतात, कंडक्टर झोपला तर गाडी कशी चालणार? पण काल ना, मी जरा बाजूला बघितलं. फुगेवाला होता. मग शियँ सांगायला उशीर झाला. धाडकन लागलं. आजोबा म्हणाले, खड्डा होता." ती उठून बसली. "खड्डा असता तर मी त्रू म्हटलं असतं ना? मला येतं ते. आणि तो ओरडला. खड्डा ओरडतो का, मादाम?"

ती उत्तराची वाट बघत होती. खरंच वाट बघत होती, मला कळत नाही हे माहीत असून.

"झ न कोंप्राँ पा," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली, आणि पुन्हा डोकं ठेवून झोपली.

•

प्रणोतीचा फोन बंद होता. पुन्हा केला, बंद. शाळा सुटायला तासभर होता. मी ऑफिसात गेले.

देवयानी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू तिच्याशी मराठीत बोललीस?"

"नाही. फक्त ऐकलं."

"तिला कळलं, तुला कळतंय ते?"

"नाही."

"मग छान. मुलं काहीही रचतात, अनुजा. मागच्या वर्षी एकाच्या घरी म्हणे मगर होती. मी आईशी संध्याकाळी बोलते."

"मॅडम, संध्याकाळपर्यंत ती त्या गाडीतून घरी गेलेली असेल."

"रोज जाते. आज दोन जोडपी ॲडमिशनसाठी यायचीयत. फाटकात तमाशा नको. आणि तुझ्या वर्गात मराठी का ऐकू येतं, ते आता माझ्या लक्षात आलं."

मी वर्गात येऊन रंगांची कार्डं काढली. हाताच्या तळव्याएवढी असतात ती. मलाही खात्री करायची होती. मगरही असू शकते.

•

आजोबा आले. भिंतीला गाडी, तोच पांढरा शर्ट. ते रस्त्यापलीकडून येऊन फाटकाशी थांबले. मी अंगणाच्या टोकाला, शरयू माझ्या शेजारी. मी खेळ असल्यासारखं ओरडले, "मस्य! केल कुलर?" आजोबा, कुठला रंग? आणि हिरवं कार्ड उंच धरलं.

ते हसले. आधी समोर पाहिलं. मग मान वाकडी केली, या बाजूला, त्या बाजूला. मग त्यांनी कार्डाचा नाद सोडला आणि सगळं लक्ष शरयूकडे वळवलं. कान पुढे काढून, तोंड जरा उघडं ठेवून. सवय झालेला माणूस थांबतो तसे थांबले.

"व्हेर," शरयू म्हणाली.

"व्हेर," आजोबा म्हणाले.

मी तिला सोडून त्यांच्याजवळ गेले. ॲडमिशनवाली दोन्ही जोडपी मॅडमबरोबर व्हरांड्यात उभी होती. मागून शरयूही आलीच.

"आजोबा, गाडीची चावी द्या."

मराठीत. मोठ्याने, कारण मुलांशी बोलून बोलून हळू बोलायची माझी सवय गेली होती.

पहिल्यांदा आवाज फुटला तो माझ्या वर्गातल्या एका पोराला. "मादाम मराठी बोलली!" तो असा किंचाळला की जणू भिंत बोलली होती.

"कुठल्या तुम्ही?" आजोबांनी विचारलं.

"कोल्हापूरची."

"आणि इतके दिस..." ते थांबले. इतके दिवस माझ्यासमोर ते काय काय बोलले होते, ते एकेक करून त्यांना आठवत असावं. कान लाल झाले. "म्हंजे सगळं ऐकत हुता."

"चावी द्या. शरयूला आज तुमच्या गाडीतून पाठवणार नाही मी."

"बाई, सगळा जन्म घाटातनं गाडी मारली. माझ्या चाकाखाली कोंबडीसुद्धा मेली नाही कधी."

कालचं कुत्रं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते बोलले असते तर शरयूने सांगितलं हे उघड झालं असतं. मी गिळलं.

"तुम्हाला दिसत नाही, आजोबा."

"हळू बोला." आता तेच हळू बोलत होते. "सुनंला नका सांगू. पाया पडतो. ही ने-आण हाय म्हणून मी हितं हाय. गाडी गेली की पुण्यात माझं काम काय? टाकतील कऱ्हाडला नेऊन. ही पोरगी दिसायची नाही मला." आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. "आता तरी कडेनं दिसती."

"अनुजा," व्हरांड्यातून मॅडमचा आवाज आला. "आत ये."

मी हात पुढे केला. आजोबांनी चावी खिशातून काढली, माझ्या हाताच्या जरा डावीकडे धरली, आणि मी ती तिथून घेतली.

•

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे ते शेवटी आडवं येणार नाही. मला दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायला लागलं नाही, नोकरी गेली. प्रणोती खूप रडली, आधी सासऱ्यांवर, मग स्वतःवर, मग माझ्यावर. "तुम्ही किती दिवस ऐकत होतात?" असं तिने मला विचारलं आणि माझ्या उत्तरावर तिचा विश्वास बसला नाही. भंडलकर कऱ्हाडला गेले. शरयूने जेवण सोडलं, तेव्हा महिन्याभरात परत आले आणि मग पायी ने-आण करू लागले, जवळच्या मराठी शाळेत. याला आता बरीच वर्षं झाली. मी मोठ्या माणसांना फ्रेंच शिकवते. अडलं की मराठीत समजावते.

•

पण मला सांगायचंय ते त्या दिवशी दोघांना घरी सोडतानाच्या रिक्षातलं.

एका कडेला मी, एका कडेला आजोबा, मध्ये शरयू, मांडीवर दप्तर. फाटकापासून ती एक शब्द बोलली नव्हती. कुठल्याच भाषेत. माझ्याकडे बघतही नव्हती.

मग आजोबांनी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी कार्ड दाखवलं, तुम्हाला ओळखता आलं नाही."

"कार्ड घेऊनच उभ्या हुता की. कार्डाच्या आधी ठाऊक हुतं तुम्हाला." एसटीत बिनतिकिटाच्या प्रवाशांच्या थापा जन्मभर ऐकलेला माणूस होता तो. "कुणी सांगितलं?"

शरयूने दप्तराचा बंद तोंडात घातला.

"माझ्या वडिलांना हाच आजार होता," मी म्हणाले. माझ्या वडिलांचे डोळे उत्तम आहेत. "ते असंच मान वाकडी करून बघायचे. त्यावरून लक्षात आलं."

"वडील कुठं असतात?"

"कोल्हापुरात."

"कोण डॉक्टर बघतो त्यांना?"

एका डॉक्टरचं नाव सुचेना. आजोबांनी "हं" म्हटलं. तो हुंकार मला अजून ऐकू येतो. त्यांनी मान वळवून, कडेच्या नजरेने, खाली मधल्या सीटकडे पाहायला सुरुवात केली.

"मी सांगितलं," शरयू म्हणाली. बंद तोंडातून काढून. "झोपायच्या वेळेला सांगितलं. मला वाटलं, ह्यांना काही कळत नाही."

रिक्षा खड्ड्यातून गेली, आम्ही तिघं उडालो, पुन्हा बसलो. आजोबांचं पोट हलू लागलं. मला वाटलं रडतायत. मी हात पुढे करणार, तेवढ्यात त्यांच्या तोंडून आवाज फुटला. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी काढत.

"मला तरी कुठं वाटलं हुतं गं!"

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. मीही हसले. कितीतरी महिन्यांनी मी एका मुलासमोर मराठी वाक्याला हसत होते.

शरयू हसली नाही. तिने मला पायांपासून वरपर्यंत पाहिलं. सावकाश, कुठे काही राहू नये म्हणून.

"अजून काय लपवलंय तुम्ही?"

"काही नाही गं. आता काहीच नाही."

"आजोबापण असंच म्हणतात," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत आम्हा दोघांवरही नजर ठेवून बसली.